गावाचा वार बदलला तेव्हा

परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होता. एकाला शनिवारी डोंगरावर जायचं होतं, दुसरीला रविवारी, आणि तुमची आई मागून म्हणत होती की दोन दिवस सुट्टी असूनही या घरातली माणसं एकत्र बाहेर पडत नाहीत. मी, तुमची आजी, इकडे नुसती ऐकत होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. मी लहान असताना आमच्या घरात आठवड्याला तीन सुट्ट्या होत्या आणि त्या तीन निरनिराळ्या वारी येत. हे मी तुम्हाला कधी सांगितलेलंच नाही. सांगायचं तर नीट क्रमानं सांगायला हवं, फोनवर ते जमणार नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आमचं गाव बाळकुमच्या पुढे, खाडीच्या कडेला. अजूनही त्याचं नाव बसच्या पाटीवर आहे, पण तिथे आता उंच इमारती आहेत. मी लहान असताना तिथे भाताची खाचरं होती. खाचरांना खाडीच्या पाण्यापासून राखणारा मातीचा लांब बांध होता, बांधाच्या पलीकडे तिवरांची झाडी, आणि तिवरांच्या पलीकडे पाणी. भरती आली की ते पाणी बांधाला येऊन टेकायचं, जरा वेळ थांबायचं आणि परत जायचं. लहानपणी मला वाटे, ते आमच्या गावात कुणाला तरी भेटायला येतं आणि ते माणूस घरी नसतं.

पहिली सुट्टी सोमवारची. ती जमिनीची सुट्टी. तिला आमच्याकडे मोडा म्हणत. मोड्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही आणि जमिनीला लोखंड लावायचं नाही. कुदळ, विळा, नांगराचा फाळ, सगळं ओटीवर एका बाजूला निजवून ठेवलेलं असे. गावात कुणी कुणाला बजावत नसे, पण सोमवारी सकाळी उठलं की हवाच वेगळी लागे. बैल गोठ्यात बसून रवंथ करत. बायका एकमेकींच्या डोक्याला तेल लावत. बांधावरचे बगळे अगदी खाचरात उतरून चालत, कारण त्या दिवशी त्यांना हुसकावणारं कुणी नसे. मी त्या बगळ्यांच्या मागून हळूहळू चालत जाई. ते उडत नसत, फक्त एक पाऊल पुढे टाकत, मग मीही एक पाऊल टाकी, आणि असं आम्ही बांधाच्या टोकापर्यंत जात असू.

मोड्याची राखण आमच्या घरात आत्या करी. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आलेली, आणि आल्यापासून बैल तिच्याच हाताखाली. ती म्हणे, "आज जमीन निजलेली हाय. निजलेल्याच्या अंगावर कोन नांगर घालतं?"

दुसरी सुट्टी शुक्रवारची. ती कंपनीची. सगळ्या कारखान्यांना एकाच दिवशी वीज पुरायची नाही, म्हणून भागाभागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते. आमच्या बाजूला शुक्रवार आला होता. कंपनी रंगाची होती, म्हणजे कापड रंगवायचा रंग बनवणारी. ती रस्त्याच्या कडेच्या माळावर माझ्या जन्माआधीच उभी राहिली होती आणि गावातले जवळजवळ सगळे तरणे पुरुष तिथे जात. माझे वडीलही जात. ते बदली कामगार होते. म्हणजे काम रोजचं, पण नाव पक्कं नाही. न सांगता घरी राहिलं की ते नाव पुसलं जाई.

वडील घरी येत तेव्हा त्यांच्या अंगाला त्या आठवड्याचा रंग असे. मोरीतून वाहणारं त्यांच्या आंघोळीचं पाणी कधी जांभळं, कधी हळदीसारखं पिवळं. आम्ही भावंडं मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसून वाट बघत असू. एकदा कित्येक दिवस निळंच पाणी आलं आणि परसातल्या अळूची देठं निळसर दिसायला लागली. आईनं ते अळू काढून टाकलं. मला मात्र ते फार सुंदर वाटलं होतं.

पाळी रात्रीची असली की वडील दिवसा झोपत. शेजारचा काका, पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, सगळे दिवसा झोपत. असं गाव तुम्ही पाहिलेलं नाही. ऐन दुपारी, लख्ख उन्हात, प्रत्येक घराचं दार लोटलेलं आणि आत एक माणूस तोंडावर ओलं फडकं घेऊन निजलेला. आम्ही मुलं कुजबुजत खेळत असू. बायका पाटा-वरवंटा परसाच्या टोकाला नेऊन वाटण वाटत. कोंबड्यांनासुद्धा कुणी मोठ्यानं हाकलत नसे, पदर हलवून हाकलत. मला वाटे, सगळं गाव पाण्याखाली आहे आणि आम्ही त्यातून पोहत चाललो आहोत.

तिसरी सुट्टी माझी, रविवारची. कंपनीनं साहेबलोकांच्या मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली होती आणि जागा उरली तर कामगारांच्या मुलांना घेत. माझ्या वेळी जागा उरली. गावातून त्या शाळेत जाणारी मी पहिली मुलगी. एकदा बाईंनी निबंध घातला, 'मी रविवारी काय केलं'. मी खरं तेच लिहिलं. माझे वडील झोपले होते, आई शेतावर गेली होती, आणि मी दिवसभर हळू आवाजात बोलले. बाईंनी खाली लाल शाईनं विचारलं होतं, घरी कुणी आजारी आहे का?

तर असे तीन वार. एकाच घरात, आणि तिन्हींची गाठ कधी पडत नसे. पण शेतीची सोय लागली होती. वडील शुक्रवारी मोकळे आणि शुक्रवारी मोडा नाही. नांगरणी, चिखलणी, बांधाची डागडुजी, पुरुषांचं जे जे काम असे ते शुक्रवारी उरकत. इतर दिवशी बायका लावणी, बेणणी म्हणजे तण काढणं, आणि कापणी सांभाळत. नांगराला मात्र बाईनं हात लावायचा नाही, हा गावाचा दुसरा नेम होता. आत्या गमतीनं म्हणे, "आपलं भात आता शुकरवारचं झालं. आठवडाभर उगं उभं रातं, आन शुकरवारी वाढतं."

आता आईच्या भाताबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरं तर त्याची आहे.

आईचं माहेर खाडीच्या पलीकडे. लग्नात तिच्या आईनं तिच्या ओटीत भाताचं बी घातलं होतं. राता म्हणत त्याला. तांबडा, जाडा, खारं पाणी सोसणारा तांदूळ. त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक लागत नसे. पुढे तिच्या माहेरचा बांध फुटला, खाचरांत खाडी शिरली आणि तिवरं उगवली, तेव्हा ते बी फक्त आमच्याकडे उरलं. आई आमच्या चार खाचरांपैकी बांधाला लागून असलेल्या एकात दरवर्षी राता लावी. आमच्याकडच्या दमट हवेत बी एका वर्षापुरतंच जिवंत राहतं. एक पावसाळा चुकला की पुढच्या वर्षी ते रुजत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. आई ते क्वचितच बोलून दाखवी. पण कणगीतलं ते बी ती अधूनमधून मुठीत घेऊन पाही, तशी ती आमच्या कुणाच्या कपाळाला हात लावूनही पाहत नसे.

मी खालच्या वर्गात असतानाचा तो पावसाळा. कंपनीच्या फाटकावर सूचना लागली की आता सुट्टी शुक्रवारी नाही, सोमवारी. विजेचे वार पुन्हा वाटले होते.

वडील घरी येऊन ओटीवर बसले. आईनं पाणी दिलं. आत्या बैलांना कोंडा कालवत होती.

"वार बदलला," वडील म्हणाले. "आता सोमवारी सुट्टी."

आत्याचा हात थांबला नाही. "मंग बरंच हाय की. कंपनीला पन मोडा कळला म्हनायचा."

"अगं बाय, पन मना सोमवारीच मोकलीक. चिखलनी कंदी करू?"

"शुकरवारी."

"शुकरवारी मी कंपनीत."

तेव्हा कुठे तिचा हात थांबला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती मागच्या दारानं रोपवाटिकेकडे गेली. मी तिच्या मागे गेले. रोप गुडघ्याच्या खाली होतं, पोपटी, वाऱ्यावर सगळं एकदम वळणारं. तिनं एक काडी उपटून तिचं खोड चिमटीत दाबून पाहिलं. रोपानं गाठ धरली की ते लावून उपयोग नसतो. लावायचं तर खाचरात आधी चिखल हवा. चिखल करायला बैल आणि नांगर हवा. नांगराला पुरुष हवा, आणि पुरुषाला सोमवार. कंपनीत तेव्हा मोठं काम आलं होतं, दोन्ही पाळ्या लांबवलेल्या, रजा कुणालाच नाही. आमचे पुरुष तेव्हा दिवसपाळीला, उजाडायच्या सुमारास लॉरीत चढत आणि दिवेलागणीनंतर उतरत. मजूर आणावेत तर आजूबाजूच्या गावांतले सगळेही त्याच लॉरीत.

गावातल्या प्रत्येक घरात त्या दिवसांत हेच बोलणं चालू असणार. आमच्या घरात ते आई आणि आत्यामध्ये चाललं, आणि ते कसं, तर कामं करता करता, एकमेकींकडे न बघता.

"वन्सं, एक सोमवार," आई म्हणाली. ती शेंगा निवडत होती. "एकच. बाकीची तीन खाचरं राहू दे पडीक. माझं एक तेवढं होऊ दे."

"एकानं मोडा मोडला तर तो मोडतोच. एक का चार."

"रोप थांबनार नाय."

"जमीन थांबते. तिला इचार."

"मी तिलाच इचारते, पन ती तुमच्या तोंडानं बोलते, त्याला मी काय करू?"

आत्याला हसू आलं. तिनं ते दाबलं. ती कडक होती, पण टोमणा चांगला जमलेला असला तर तिला राहवत नसे.

शेवटी गावकीनं ठरवलं की देवीलाच विचारावं. मोडा सोमवारचा शुक्रवारी न्यावा का? गावदेवी म्हणजे वेशीवरच्या आंब्याखाली शेंदूर लावलेली शिळा. भगतानं तिच्यावर ओल्या पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. पुरुषांना लॉरी गाठायची होती म्हणून कौल पहाटेच लावला. मी आईच्या पदरामागे उभी होते. आंब्यावरून रात्रीचं पाणी ठिबकत होतं. पुरुषांनी जेवणाचे डबे झाडाच्या मुळाशी ओळीनं ठेवले होते, आणि त्यांच्या हिरव्या-निळ्या डागांचे सदरे अंधूक उजेडात सगळे करडेच दिसत होते.

भगतानं गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या जागच्या जागी.

उजाडत चाललं. कुणीतरी खोकलं. भगतानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी जरा घाईत. पाकळ्या हलल्या नाहीत. मग नाक्यावर लॉरीचा हॉर्न वाजला. पुरुष चुळबुळले. दुसरा हॉर्न वाजला तसे त्यांनी डबे उचलले आणि सगळे एकदम वळले, आणि इतकी माणसं एकदम वळल्यावर जो वारा होतो त्या वाऱ्यानं उजवी पाकळी सुटून खाली आली.

"दिला," भगत म्हणाला. "देवीआईनं उजवा दिला."

"वाऱ्यानं पडली," आत्या म्हणाली.

वडील निघता निघता थांबले. "वारा तरी कोनाचा, बाय? आपल्या कंपनीचा नाय ना?"

आणि ते लॉरीकडे धावले. अशा रीतीनं आमच्या गावानं आपला वार बदलला.

पुढच्या सोमवारी सकाळी गावात जे दिसलं ते मला अजून कधीकधी झोपेत दिसतं. धुकं नव्हतं, पण पावसाची बारीक भुरभुर होती आणि तिच्यातून घराघरांतून पुरुष खांद्यावर नांगर घेऊन बाहेर पडत होते. सोमवारी. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, जसं कुणी परगावी निघालं की बघतात.

आणि बैल उठेनात.

आमचे नाहीत, कुणाचेच. वडिलांनी दावं सोडलं, चुचकारलं, शेपटी पिळली. बैल बसूनच राहिले आणि त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिले. त्यांना आठवडा ठाऊक होता. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगात सोमवार भिनला होता. शेजारच्या गोठ्यातूनही "ऊठ, ऊठ रं" असं ऐकू येत होतं, त्याच्या पलीकडूनही. एक म्हातारा हसून म्हणाला, "देवीनं दिला, पन नंदीला कोनी इचारलंच नाय."

वडिलांनी काठी उचलली. आत्या तोवर चुलीपुढे, गोठ्याकडे पाठ करून बसली होती, आज आपला या सगळ्याशी काही संबंध नाही अशी. काठी उचलल्याचा आवाज येत नाही, पण तिला तो आला असावा. ती गोठ्यात आली.

"मारू नको. ठेव ती."

ती थोरल्या बैलापाशी बसली. त्याच्या कानामागे खाजवलं. मी कुडाच्या फटीतून पाहत होते. ती त्याला म्हणाली, "ऊठ बाला. वार बदललाय. तुना कोन सांगनार, आमीच ना? मना पन पटला नाय. पन ऊठ."

बैल उठला. मग दुसरा उठला. आत्यानं त्यांना बांधापर्यंत नेलं आणि तिथून परत फिरली, खाचराकडे न बघता. आईनं आत्याच्या पायांना हात लावला. आत्या म्हणाली, "सोड, चिखल लागंल," आणि घरी गेली.

त्या दिवशी आईच्या खाचरात चिखलणी झाली. बाकीच्या तिन्हींतही झाली. पुढच्या दोन दिवसांत बायकांनी लावणी उरकली. राता लागला. त्या वर्षी तो इतका छान आला की वारा सुटला की खाचर तांबूस-सोनेरी होऊन पाण्यासारखं वळत जाई आणि बांधापलीकडचं खरं पाणी त्याच्यापुढे मळकट दिसे. मी शाळेतून येऊन दप्तर न काढता तिथे बसे. कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे.

पुढचा पावसाळा यायच्या आत कंपनीच्या फाटकावर पुन्हा सूचना लागली. सुट्टी परत शुक्रवारी.

तुम्ही आता हसाल. आम्हीही हसलो. पहिल्या दिवशी तर गावात नुसता हशा होता. पण आता मोडा शुक्रवारचा होता, आणि तो देवीनं दिलेला होता. काही जण भगताकडे गेले, पुन्हा कौल लाव म्हणाले. भगत भडकला. "देवी काय टाइमकीपर हाय?" तो म्हणाला. "तुमची कंपनी फाटकावर कागद चिकटवते, तशी मी आईच्या अंगावर पाकल्या चिकटवत बसू?"

आलेले लोक आपापल्या घरी परतले.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. म्हातारी माणसं सोमवारकडे परतली, त्यांच्या मनातून तो गेलाच नव्हता. तरुणांनी शुक्रवार पाळला, कारण देवीनं दिलेला शब्द मोडायची भीती. आणि बहुतेक घरांनी दोन्ही पाळले. न जाणो. आमच्या घरात आत्याचा सोमवार, वडिलांचा शुक्रवार, आणि आई मध्ये. गावाला दोन मोडे झाले. पुरुष ज्या दिवशी मोकळे त्या दिवशी नांगर चालत नाही, आणि नांगर चालतो त्या दिवशी पुरुष नाहीत. जमिनीला इतकी विश्रांती कधीच मिळाली नव्हती. पहिल्या वर्षी निम्मी खाचरं पडीक राहिली. पुढे आणखी. त्यांच्यावर गवत आलं, कमळं आली, पाणकोंबड्या आल्या. मी मोठी होत होते आणि आमच्या घराभोवतीची जमीन जास्त जास्त गाढ झोपत चालली होती. ती दिसायला फार देखणी झाली होती, हे मला सांगायलाच हवं. वडील तोवर कंपनीत पक्के झाले. घरात विकतचा पांढरा तांदूळ येऊ लागला. कुणी उपाशी नव्हतं. उलट आम्ही पूर्वीपेक्षा चांगलं खातपीत होतो, मी बूट घालून शाळेत जात होते. गावाचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ज्या शाळेनं मला शिकवलं ती त्याच कंपनीची.

आई मात्र विकतच्या तांदळाचा भात आम्हाला वाढी आणि स्वतः रात्याची पेज घेई. दुसरं काही ताटात घेत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "मना तो पचत नाय."

राता तिनं कसा टिकवला, ते सांगते. ज्या वर्षी पहिल्यांदा नांगर चालला नाही, त्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी ती खाचराच्या एका कोपऱ्यात उतरली आणि पायांनी चिखल तुडवायला लागली. नांगर नाही, जू नाही, लोखंड नाही. नुसते पाय. मी तिच्या शेजारी उतरले. चिखल पोटरीपर्यंत, वरून कोमट आणि खाली गार. मग वडील बांधावर येऊन उभे राहिले. ते आत्याकडे बघत होते. आत्या बांधाच्या दुसऱ्या टोकाला, हात कमरेवर.

"पायाला कोन अडवतं?" ती म्हणाली. "पाय काय लोखंडाचा हाय?"

वडील उतरले. आम्ही तिघं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून गोल गोल तुडवत राहिलो. रस्त्यानं जाणारा त्यांचा एक सोबती सायकलवरून ओरडला, "काय रं, बैल इकलंस का? आता तूच बैल झालास?"

"बैलाला दोन मोडे हान," वडील म्हणाले. "मना एक पन नाय."

असं आम्ही काही वर्षं केलं. एक कोपरा, पुढच्या बियांपुरता आणि आईच्या पेजेपुरता. पायांनी तो कोपरा दरवर्षी होत होता. तो आमच्या हातून गेला तो भलत्याच कारणानं. पूर्वी सगळीकडे भात पिकायचं तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खात. कुणाच्या लक्षातही येत नसे. आता पंचक्रोशीत दाणा धरलेलं तेवढं एकच खाचर उरलं होतं. राता पिवळा व्हायला लागला की आभाळभर पाखरं त्या कोपऱ्यावर उतरत. एकदम उतरत आणि एकदम उठत, जणू कुणी भली मोठी चादर झटकतं आहे. आई सकाळपासून पत्र्याचा डबा वाजवत उभी राही. मी शाळेतून येई तेव्हा तिचा आवाज बसलेला असे. शेवटच्या वर्षी हाताला जे लागलं ते पेजेला पुरणारं नव्हतं. बियांनाच जेमतेम.

ते बी सुपात समोर घेऊन ती ओटीवर बसली होती. म्हणाली, "एकट्या शेताला पाखरं जगू देत नाय." मग जरा वेळानं, "ह्याला दुसऱ्या शेतांत न्यायला पायजे."

पेरण्यांआधीच्या एका शुक्रवारी आम्ही होडीनं खाडी ओलांडली. ती, वडील आणि मी. बी तिच्या ओटीत बांधलेलं. तिच्या माहेराच्या पुढच्या गावात, जिथे बांध शाबूत होते आणि लांबवर खाचरं होती, तिच्या लहानपणची एक मैत्रीण राहत होती. ती मोठी हसरी बाई होती. तिनं आम्हाला माशाचं कालवण आणि भाकरी वाढली. आईनं जेवण होईपर्यंत काही काढलं नाही. मग हात धुऊन ती म्हणाली, "पदर धर."

मैत्रिणीनं पदर पुढे केला. आईनं ओटी सोडून बी त्यात ओतलं, सावकाश, शेवटचे दाणे चिमटीनं वेचून.

"वरचेवर पानी देऊ नको ह्याला," ती म्हणाली. "खारं चढलं तरी घाबरू नको, हा सोसतो. मधे लाव, कडंला नको. आन एकटा लावू नको."

"आगं, लेक देतंस का काय?"

"लेक हीच हाय," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ती इंग्लिशमधी बोलते. तिला कोन चिखलात घालनार?"

मैत्रीण हसली. आईनं विचारलं, "तुमच्याकडं कंपनी नाय ना येत?"

"इकडं कोन येतोय, बाय. इकडं रस्ता पन नाय."

रस्ता पुढे आला, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरी कुरिअरनं जे जाडजूड खोके येतात तसल्या खोक्यांची गोदामं आता तिथे मैलोन्‌मैल आहेत. पण त्या वेळी तिचं म्हणणं खरं होतं, आणि तिनं तो राता पुष्कळ वर्षं लावला. दिवाळीला त्याचे पोहे आमच्याकडे येत. केव्हा यायचे थांबले ते मला नेमकं आठवत नाही. मी तेव्हा लग्न होऊन डोंबिवलीला होते.

परतताना ओहोटी लागली होती. होडी पाण्याच्या ओढीनं आपोआपच आमच्या बाजूला सरकत होती. नावाडी वल्हं आडवं धरून नुसता बसला होता. ऊन उतरलं होतं. आई मोकळा पदर हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा झटकत होती, एखादा दाणा राहिला असला तर पाण्यात पडू नये अशा बेतानं, होडीच्या आत.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. आत्यानं विचारलं, "दिलास?" ती म्हणाली, "दिला." आत्यानं आईच्या हातातून लाकडं घेतली आणि स्वतः चुलीपुढे बसली.

जेवायला बसलो. आईनं आम्हा सगळ्यांना वाढलं आणि मग त्याच पातेल्यातला पांढरा भात स्वतःच्या ताटात घेतला. वडिलांचा घास हातातच राहिला. आम्ही कुणी तिच्याकडे बघत नव्हतो, आणि सगळे तिच्याकडेच बघत होतो. तिनं एक घास घेतला, तो बराच वेळ चावला.

"पानी कमी परलं," ती म्हणाली. "उद्या जरा जास्ती घालते."